नागसेनभाऊंचं टपाल

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, खिडकीला लागून, एक कॉम्प्युटर आहे. दिवसभर चालू असतो, पण स्क्रीन काळीकुट्ट. नवीन आलेला माणूस हमखास फसतो. "मॅडम, हे मशीन बंद पडलंय का?" असं मला विचारतो, आणि मी काही बोलायच्या आत त्या मशीनसमोरचा, एका कानाला हेडफोन लावलेला माणूस मान न वळवता सांगतो, "चालू हाय. तुमच्यासाठी बंद हाय."

ते नागसेन सोनसळे. त्यांना दिसत नाही, अजिबात दिसत नाही. कॉम्प्युटर त्यांच्याशी बोलतो आणि ते कीबोर्डवरून त्याला उत्तर देतात. मग स्क्रीन कशाला जाळायची, असं ते विचारतात. विजेचं कारण खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कारण म्हणजे आम्ही, या जगातले तमाम डोळस. आम्ही मागून येतो, खांद्यावरून डोकावतो आणि कुणी सांगितलेलं नसताना त्यांचं पत्र मोठ्यानं वाचायला लागतो. वर ती मदत समजतो.

मी जगदेवी. त्याच ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसते. मूळची कर्नाटकच्या सीमेजवळच्या देगलूरची, त्यामुळे राग आला की तोंडातून आधी कानडी निघतं आणि मराठी मागून येतं. नागसेनभाऊंच्या शेजारी बसून मला राग येण्याचे प्रसंग वाढले आहेत. त्यातले निम्मे त्यांच्यावरचे असतात, कारण माणूस हेकट आहे. उरलेले निम्मे त्यांच्या बाजूनं.

भाऊंचं गाव बिलोली तालुक्यात. चौथ्या वर्षी गोवर निघाला आणि डोळे गेले. आई सरजाबाई शेतमजुरी करायची. भावकीतले म्हणाले, आंधळं पोर घरात बसू दे, खाईल तुकडाभर. तिनं कुणाचं ऐकलं नाही, दूरच्या एका अंधशाळेत नेऊन घातलं. तिला लिहिता येत नव्हतं. गावातल्या गुरुजींना सांगून ती पोस्टकार्ड लिहून घ्यायची, आणि वसतिगृहात ते कार्ड जेवणाच्या पंगतीत मोठ्यानं वाचलं जायचं. तिथले व्यवस्थापक काही वाईट माणूस नव्हते. घरची पत्रं ऐकली की सगळ्याच पोरांना बरं वाटतं, असं त्यांना वाटायचं. एकदा असंच एक कार्ड आलं. नागसेनचा बाप दुसरी बाई करून निजामाबादकडं निघून गेला होता, ते त्यात होतं. सगळ्या पंगतीनं वरणभात कालवता कालवता ते ऐकलं.

भाऊ हे सांगताना आवाज चढवत नाहीत. "माझ्या घरची खबर, ताई. मला सगळ्यांच्या आधी मिळायला पायजे होती का न्हाई?" एवढंच विचारतात. मला त्या पंगतीचा अजून राग येतो, आणि मी तर तिथं नव्हतेही.

कॉलेजात ते लागले फोन ऑपरेटर म्हणून. नांदेडातल्या निम्म्या ऑफिसांचे नंबर तोंडपाठ, आणि नुसत्या "हॅलो"वरून माणूस ओळखायचे. मग ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला आणि फोनचा बोर्ड मुका झाला. ऑफिसनं सांगितलं, सोनसळे, आता आरामात बसा, बसून पगार घ्या. भाऊ म्हणाले, "बसून पगार घ्यायला मी काय साहेब हाय?" आणि खटपट करून त्यांनी ग्रंथालयात हा कोपरा मिळवला, दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी. नायगाव, बिलोली, उदगीर, कुठून कुठून हौशी माणसं परीक्षेची पुस्तकं टाइप करून त्यांना मेल करतात. भाऊ ती ऐकतात, चुका काढतात, विषयवार लावून ठेवतात आणि मराठवाडाभरच्या पोरांना पाठवतात. आपल्या नावानं आलेलं पत्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एकट्यानं वाचलं ते याच मशीनवर. तोपर्यंत त्यांचं प्रत्येक पत्र आधी दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडातून आलेलं होतं.

त्या मेलच्या गठ्ठ्यात 'घर' नावाचा एक फोल्डर आहे. ज्योत्स्नावहिनी, म्हणजे आता भाऊंची बायको, नायगावहून इतिहासाची प्रकरणं टाइप करून पाठवायच्या. पुढं पुढं प्रकरणाच्या खाली दोन ओळी जास्तीच्या यायला लागल्या. त्या ओळींना इतिहासात ठेवणं बरं दिसेना, म्हणून हा फोल्डर. त्यात काय आहे ते मला माहीत नाही. मरेपर्यंत कळणार नाही, अशी व्यवस्था भाऊंनी केलेली आहे.

गेल्या वर्षी आमच्या संस्थेच्या लातूरच्या मुख्य कार्यालयानं ठरवलं की सगळ्या शाखांची जुनी मेल खाती बंद करायची आणि नवी द्यायची. नांदेडचं काही लातूरच्या हुकमानं हलवायचं म्हटलं की आमच्या स्टाफरूममध्ये लगेच धुसफूस सुरू होते. ती दोन दिवस झाली आणि विरली. महिनाअखेरीला जुनं खातं बंद, त्याआधी ज्याचं त्यानं आपलं टपाल नव्यात कॉपी करून घ्यायचं, असा आदेश होता.

आमचे कार्यालय अधीक्षक उमाशंकर साहेब तो आदेश घेऊन स्वतः ग्रंथालयात आले.

"सोनसळे, तुम्ही पासवर्ड तेवढा लिहून द्या. आमचा माणूस बसेल आणि तुमचं महत्त्वाचं तेवढं काढून नव्यात टाकेल."

"महत्त्वाचं कोणतं, हे त्याला कसं कळंल?"

"बघेल की वाचून."

झालं. साहेबांच्या तोंडून तो शब्द गेला आणि मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"न्हाई," भाऊ म्हणाले. "माझं मी नेतो."

"अहो, दिसणाऱ्यांचं होऊन नाही राहिलं. दोन प्राध्यापकांचं अर्ध्यात अडकलंय."

"मग त्यांच्या दिसण्याचा उपयोग काय झाला, साहेब?"

साहेबांना हे लागलं. त्यांनी आवाज कोरडा केला. "शनिवारपर्यंत करा. नाही जमलं तर सोमवारी माझा माणूस इथं बसणार. पासवर्ड तुम्ही नाही दिला तर लातूरहून बदलून घेऊ."

म्हणजे सोमवारी कुणीतरी परका माणूस त्या खुर्चीत बसून सगळं उघडणार होता. भूगोल, राज्यशास्त्र आणि 'घर'. साहेब गेल्यावर भाऊंनी हेडफोन घट्ट केला.

पहिल्या घासालाच खडा. जुनं आणि नवं, दोन्ही खाती मेलच्या प्रोग्राममध्ये एकाखाली एक लावायची होती. जुनं तर होतंच. नवं पासवर्डच घेईना. बरोबर टाकला तरी चुकीचा म्हणे. भाऊंनी लातूरला फोन लावला. तिथं हे काम बघणाऱ्या कहकशां मॅडम. आवाज गोड, पण बोलणं मुद्द्याचं.

"सोनसळे सर, प्रोग्रामसाठी वेगळा पासवर्ड बनवावा लागतो. नेहमीचा चालत नाही."

"तो बनवायच्या पानावर चित्रातली अक्षरं ओळखा म्हणून राहिलं."

"या अल्ला. ते माझ्या लक्षातच नाही आलं. थांबा, इथून काढते." काढलंही. मग म्हणाल्या, "सर, तुमची स्क्रीन मी इकडं घेऊ का? इथूनच पटकन करून देते."

"माझी स्क्रीन मलाच दिसत न्हाई, तुम्हाला कशाला देऊ? तुम्ही तोंडानं सांगा, मी हातानं करतो."

त्या हसल्या. रागावल्या नाहीत, म्हणून मला त्या तेव्हापासून आवडतात. "बरं. मग एकच ऐका. मूव्ह करू नका, कॉपी करा. मूव्ह करताना मधेच लाईन गेली तर पत्र कुठं राहिलं ते शोधत बसाल."

भाऊंनी सगळं निवडलं आणि कॉपी दिली. आता त्या बोलणाऱ्या सॉफ्टवेअरची एक गंमत आहे. काम पुढं सरकतं तशी ते बारीक टूं टूं करतं आणि सूर चढत जातो. आपण पट्टी भरताना बघतो, ते सूर चढताना ऐकतात. त्या दिवशी भाऊंनी स्पीकर लावला होता. सूर खालून निघाला, चढला, बराच चढला, आणि एका जागी थबकला. मग नुसताच पंखा फिरण्याचा आवाज.

पुन्हा दिली. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा दिली. दुपारी नव्या खात्यात बघितलं तर भूगोलाचं पहिलं प्रकरण तीनदा आलेलं, दुसरं तीनदा, तिसरं तीनदा, आणि राज्यशास्त्राचा पत्ता नाही. प्रत्येक खेपेला प्रोग्राम पहिल्यापासून सुरू करत होता आणि भाऊ प्रत्येक खेपेला जास्त चिडून तेच बटण दाबत होते. मी म्हटलं, "भाऊ, भूगोलाच्या पोरांची चंगळ आहे." त्यांना हसू आलं नाही. वर सगळ्या पत्रांवर आजचीच तारीख. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची पत्रंही आजच आल्यासारखी. त्यावर मात्र ते हबकले. "ताई, सगळं गेलं. ओळखच गेली." मीही घाबरले. पण कहकशां मॅडमनी फोनवर सांगितलं की ती नुसती पोचल्याची तारीख आहे, आतली तारीख शाबूत आहे. यादी पाठवल्याच्या तारखेनं लावा. लावली आणि सगळी वर्षं जागच्या जागी आली. भाऊंनी ते अर्धवट फोल्डर पुसले आणि पाणी प्यायला उठले.

मला एक गोष्ट दिसत होती. जिथं सूर थबकतो, तिथं स्क्रीनच्या कोपऱ्यात एखादी सूचना येऊन जात असणार, आणि सॉफ्टवेअर ती बोलत नसणार.

"स्क्रीन लावा," मी म्हटलं. "काय लिहून येतंय ते मी सांगते."

"त्याच्यासंगं बाकीचं बी दिसंल."

"बाकीच्याला डोळे मिटून घेते."

"मिटल्यावर सूचना कशी वाचाल, ताई?"

मी तणतणत टेबलावर परत आले. रोज याच माणसाबरोबर डब्यातली भाजी वाटून खायची, आणि यांचा माझ्यावर एवढाही भरवसा नाही? कानडीत दोन शब्द बोलून घेतले. पण रजिस्टर उघडल्यावर खरं काय ते कळलंच. मी वाचलं असतं. मुद्दाम नाही, पण समोर अक्षर आलं की नजर ते उचलतेच. 'घर' लिहिलेलं दिसलं असतं तर तिथं थोडी रेंगाळलीही असती. भाऊंना डोळस माणसांची जात बरोबर कळलेली आहे.

शनिवारी सकाळी उमाशंकर साहेब फेरी मारायला आले. काळ्या स्क्रीनकडं बघून म्हणाले, "बंदच करून बसलात? मी म्हटलं होतं ना."

"चालू हाय. तुमच्यासाठी बंद हाय."

"सोनसळे, हा हट्ट कुणाच्या फायद्याचा आहे? पोरांच्या परीक्षा आहेत. मेल उडाले तर जबाबदार कोण?"

यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते जास्त टोचलं. भाऊ खुर्चीतून उठून उभे राहिले. "जबाबदार मी. लिहून देऊ का? पण माझं टपाल दुसऱ्यानं उघडायचं न्हाई. पोरांच्या फायद्यासाठी न्हाई आणि माझ्या फायद्यासाठी तर अजिबातच न्हाई."

साहेब घड्याळ दाखवून गेले. दाखवलं ते मलाच, भाऊंना दाखवून काय उपयोग.

कहकशां मॅडमना सुट्टी होती, तरी त्यांनी फोन उचलला. भाऊंनी सूर कुठं अडतो ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, एखादंच पत्र दारात आडवं पडलेलं असतं. त्याच्यामुळं मागचे सगळे खोळंबतात. ते हुडका. निम्मे मेल घ्या, कॉपी करा. गेले तर ते निर्दोष. अडकले तर त्याच निम्म्यात चोर आहे. पुन्हा निम्मे करा."

हे भाऊंना एकदम पटलं. सरजाबाई सुपात धान्य घेऊन बोटानं दोन ढीग करायची, एका ढिगात खडा नाही असं हाताला कळलं की तो बाजूला सारायची, हे ते लहानपणी शेजारी बसून ऐकायचे. त्यांनी तसंच सुरू केलं. निम्मे गेले, सूर शेवटपर्यंत चढला. उरलेल्यातले निम्मे अडले. त्यातले निम्मे गेले. ग्रंथालयातली अभ्यासाची पोरं मान वर करून ऐकायला लागली. सूर वर पोचला की कुणीतरी टेबलावर हलकंच थाप मारायचं, आणि मी ग्रंथपालाच्या थाटात "शू" करायचे, तेही नावापुरतंच.

शेवटी एकच पत्र हातात राहिलं. भाऊंनी कीबोर्डवरचा बाण दाबला. यंत्राचा घोगरा आवाज स्पीकरमधून आला आणि आम्ही सगळ्यांनी ऐकला. पाठवणार, कार्यालय अधीक्षक. विषय, दृष्टिहीन कर्मचाऱ्यांना सर्व कागदपत्रे सुलभ स्वरूपात देणेबाबत. आणि मग खाली गेल्यावर, "चित्र. चित्र. चित्र. चित्र."

"हे दोन वर्षांमागं आलतं," भाऊ म्हणाले. "मी साहेबांना जाऊन विचारलं, काय हाय ह्याच्यात? म्हणाले, राहू द्या, काही महत्त्वाचं न्हाई."

मग त्यांनी जे केलं ते त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. खुर्ची जरा सरकवली आणि म्हणाले, "ताई, स्क्रीन लावा. एवढंच एक बघायचं. ते टाइप केलेलं हाय का फोटो हाय, तेवढंच सांगा."

बटण वापर नसल्यानं घट्ट बसलं होतं, अंगठ्याचा जोर लावावा लागला. काचेवर धूळ होती, ती मी ओढणीनं पुसली. समोर कागदांचे फोटो होते, वाकडेतिकडे, भलेमोठे. एका फोटोच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचा अंगठाही आलेला. नव्या खात्याला एवढं वजन पेलवत नव्हतं, हे आता माझ्यासारखीलाही कळत होतं. कागदावर लिहिलं होतं की दृष्टिहीन कर्मचाऱ्यांना प्रत्येक पत्र त्यांना स्वतःला वाचता येईल असंच द्यावं, फोटो देऊ नये, दुसऱ्याकडून वाचून घ्यायची वेळ त्यांच्यावर आणू नये. माझं डोकं तापलं. हसावं की ओरडावं ते कळेना.

"फोटो आहेत, भाऊ. आणि ऐका तर यात काय लिहिलंय..."

त्यांनी हात वर केला. "न्हाई, ताई. माझ्या नावचं हाय."

मी गिळलं. कसं गिळलं ते माझं मला माहीत.

मी स्क्रीन पुन्हा बंद केली आणि ते एक पत्र वगळून भाऊंनी बाकीची कॉपी दिली. राज्यशास्त्र गेलं, इतिहास गेला, गणित गेलं. सगळ्यात शेवटी त्यांनी स्पीकर बंद करून हेडफोन लावला, तेव्हा 'घर' निघालं आहे हे मला समजलं. त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. मग त्यांनी हेडफोन गळ्यात उतरवला आणि म्हणाले, "पोचलं." मला रडूच आलं, आणि माझं त्यात काही नव्हतं.

कॉलेज सुटायच्या सुमाराला साहेब आले, त्यांच्या त्या माणसाला घेऊनच.

"झालं का?"

"झालं. एक सोडून."

"कोणतं एक?"

"तुमचं. लई जड हाय. नवं खातं घेऊन न्हाई राहिलं."

भाऊंनी तेवढं पत्र उघडलं आणि मला स्क्रीन लावायला सांगितली. साहेब वाकले. विषय वाचला, फोटो बघितले, तो अंगठा बघितला आणि नकळत आपला अंगठा मुठीत झाकून घेतला. मागं उभा असलेला त्यांचा माणूस छताकडं बघायला लागला. माझ्या तोंडावर सगळं आलं होतं, पण ते माझं टपाल नव्हतं.

"अच्छा, हे होय," साहेब म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता, आणि मला वाटतं तो मऊपणा खराही होता. "एवढंच ना? त्यात काय. आणा, मी वाचून दाखवतो."

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. चष्मा लावला. घसा साफ करून मोठ्यानं सुरुवात केली, "सर्व विभागप्रमुखांना कळविण्यात येते की..." आणि ग्रंथालयातल्या सगळ्या पोरांनी पुस्तकातून माना वर काढून कान दिला, वसतिगृहातल्या त्या पंगतीनं दिला होता तसा.

भाऊंचा हात पुढं गेला. चाचपडत नाही, नेमका गेला. खट् करून बटण दाबलं आणि स्क्रीन काळी झाली.

"वाचून दाखवू नका, साहेब," ते म्हणाले. "टाइप करून पाठवा."

साहेब तोंड उघडं ठेवून त्या काळ्या काचेकडं बघत राहिले. तिथं आता त्यांना वाचण्यासारखं काहीही नव्हतं.